चाळीस अर्ज केले, एकही इंटरव्ह्यू नाही: लंडनमध्ये ट्रेनी सॉलिसिटर व्हायचंय

पत्र:

ताई, मी सांगलीची. पुण्यातून पाच वर्षांचं बीए एलएलबी केलं, सनद घेतली, ऑल इंडिया बार एक्झाम पास झाले, मग दोन वर्षं मामांच्या ऑफिसात राहून जिल्हा कोर्टात काम केलं आणि आता लंडनमध्ये एलएलएम करतेय. कमर्शियल लॉ फर्ममध्ये ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे सॉलिसिटर होण्याआधीची पगारी उमेदवारी, मिळवायचं एवढंच डोक्यात आहे. ऑक्टोबरपासून ४१ अर्ज केले, दोन ठिकाणी ऑनलाइन टेस्टपर्यंत गेले, बाकी सगळीकडून सरळ नकार. मामांकडचं काम मी अर्जात एका ओळीत उरकते, ‘दिवाणी आणि व्यावसायिक प्रकरणांत वरिष्ठांना साहाय्य’ असं. कारण चेक बाऊन्स आणि तासगावच्या बेदाण्याची भांडणं इथं कुणाला काय सांगायची? एका व्यापाऱ्याने कोल्ड स्टोरेजच्या त्याच पावत्या आमच्या पतसंस्थेकडे आणि एका बँकेकडे अशा दोन्हीकडे तारण ठेवल्या होत्या, त्यात मी चार दिवस स्टोरेजच्या ऑफिसात बसून रजिस्टरशी पावत्या जुळवत होते, असलं काम. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात स्वतःच्या पैशाने एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर व्हायची परीक्षा, देऊन टाक. बाबांनी शेतावर कर्ज काढून पाठवलंय आणि मी त्यांना सांगून बसलेय की नोकरीचं जवळपास झालंय. काय करू?

उत्तर:

अगं, पत्र वाचताना त्या बेदाण्याच्या पावत्यांपाशी मी थांबले आणि ती ओळ परत वाचली. ‘असलं काम’ म्हणतेस? इथल्या बँकिंगच्या सीटमध्ये, म्हणजे त्या विभागातल्या पाळीत, ट्रेनी पहिले सहा महिने हेच करतो. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं असतं, साधारण सहा-सहा महिन्यांच्या चार सीट, आणि कर्जाच्या डीलमध्ये ट्रेनीच्या हातात पहिली कुठली गोष्ट पडते तर पैसे सोडण्याआधी कुठकुठले कागद आले पाहिजेत त्याची लांबलचक यादी. प्रत्येक कागद खरा आहे का, तारीख बरोबर आहे का, सही योग्य माणसाची आहे का, तारण दिलेला माल खरंच आहे का आणि त्यावर आधीच दुसऱ्या कुणाचा बोजा नाही ना, हे त्याने बघायचं. तू तासगावात रजिस्टर मांडीवर घेऊन हेच केलंस, फरक इतकाच की तू ते पैसे बुडाल्यानंतर केलंस आणि इथं ते पैसे जायच्या आधी करतात. हा फरक तुला कळलाय हे जर तू इंटरव्ह्यूत दोन वाक्यांत सांगू शकलीस ना, तर समोरचा पार्टनर पेन खाली ठेवून ऐकेल.

आणि ही गोष्ट फक्त सांगलीची नाही बरं का. २०१४ साली चीनच्या चिंगदाओ बंदरात हेच झालं, बेदाण्याच्या जागी ॲल्युमिनियम आणि तांबं. गोदामातल्या त्याच धातूच्या पावत्या वेगवेगळ्या ठिकाणी तारण ठेवून कर्जं उचलली गेली, आणि त्यातून सिटी बँक आणि मर्क्युरिया ही व्यापारी कंपनी यांचं भांडण लंडनच्या कमर्शियल कोर्टात आलं, २०१५ मध्ये निकाल लागला. त्यात कळीचा एक मुद्दा हाच होता की नुसती गोदामाची पावती हातात दिली म्हणजे माल दिला असं होतं का. तुला आठवतंय ना, आपल्याकडे ताबेगहाण आणि नजरगहाण यातला फरक सांगताना सीनियर वकील किती वेळा तेच तेच समजावतात, माल कुणाच्या ताब्यात, चावी कुणाकडे. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं ताबेगहाणाचं कलम १७२ तू कोर्टात वापरलंयस. आपला तो कायदा १८७२ चा, आणि त्याची मुळं इंग्लिश कायद्यातच आहेत. त्यामुळे इथं पावतीवर नुसतं नाव चढवून भागत नाही, गोदामवाल्याने ‘हा माल आता मी तुमच्यासाठी सांभाळतोय’ असं मान्य करावं लागतं, हा नियम इथल्या मुलांना पुस्तकातून पाठ करावा लागतो आणि तुला तो त्या व्यापाऱ्याच्या चेहऱ्यासकट माहितीये.

म्हणून ती ‘वरिष्ठांना साहाय्य’ची ओळ आजच काढून टाक. त्या जागी काय यायला हवं ते मी मराठीत लिहिते, इंग्रजी तू तुझ्या शब्दांत कर: ‘आमच्या अशील पतसंस्थेने शीतगृहातल्या बेदाण्याच्या पावत्यांवर कर्ज दिलं होतं. वसुलीच्या वेळी कळलं की त्याच पावत्या दुसऱ्या एका बँकेकडेही आहेत. मी चार दिवस शीतगृहाचं आवक-जावक रजिस्टर आणि दोन्हीकडच्या पावत्या नंबरनिशी जुळवल्या आणि कुठला माल कुणाकडे आधी तारण गेला याचा तारीखवार तक्ता केला. अशिलाला त्या तक्त्यावरून दिसलं की आपला दावा कुठल्या मालावर भक्कम आहे आणि कुठल्यावर नाही.’ बस. कुठेही ‘मला कायद्याची प्रचंड आवड आहे’ नाही, विशेषणं नाहीत, काय झालं, तू काय केलंस, अशिलाला त्याचा काय उपयोग झाला, एवढंच. त्यात पतसंस्थेचं नाव, व्यापाऱ्याचं नाव, गावाचं नाव काहीही टाकू नकोस, अशिलाची माहिती बाहेर सांगणारी वकील कुठल्याच फर्मला नको असते, आणि अर्जातच ती चूक दिसली तर पुढचं वाचतही नाहीत. आकडे मात्र मामांना फोन करून खरे घे, किती पावत्या होत्या, किती टन माल, किती रकमेचं कर्ज, आणि ते जाहीर करता येतील का तेही त्यांनाच विचार. मामांच्या ऑफिसात काम केलं हे लपवायचं कारण नाही, कुणी विचारलं तर ते माझे मामा आहेत असं सरळ सांग, काम तू केलंयस.

आता ४१ अर्जांचं. मी इथं आले तेव्हा मीही असंच केलं होतं, पहिल्या वर्षी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कव्हर लेटरमधलं फर्मचं नाव बदलून पाठवत होते, आणि एका फर्मला दुसऱ्याच फर्मचं नाव गेलं. मला तिसऱ्या वर्षी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि त्या वर्षी मी फक्त सात अर्ज केले होते. अर्ज वाचणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं की हीच तीन वाक्यं ही मुलगी शेजारच्या बिल्डिंगमधल्या फर्मलाही पाठवू शकली असती. ‘तुमचं जागतिक जाळं आणि उत्तम कार्यसंस्कृती’ हे सगळेच लिहितात, हल्ली तर एआयकडून लिहून घेतलेले अर्ज सगळे एकाच चालीवर म्हटल्यासारखे वाटतात. तू आठ फर्म निवड, त्याहून जास्त नको.

आणि त्या आठ निवडताना नुसतं पगाराकडे बघू नकोस. क्लिफर्ड चान्स, लिंकलेटर्स, फ्रेशफील्ड्स, स्लॉटर अँड मे, एअँडओ शिअरमन ही नावं सगळ्यांना पाठ असतात, तिथं क्वालिफाय झाल्या झाल्या वर्षाला दीड लाख पाउंडांच्या घरात पगार मिळतो, म्हणून सगळं जग तिथंच अर्ज करतं. करू नकोस असं म्हणत नाही, एक-दोन कर. पण तुझ्या हातात जी गोष्ट आहे ती मालाची, गोदामाची, व्यापाराच्या कर्जाची आहे, आणि या शहरात त्यासाठी वेगळ्या फर्म आहेत. एचएफडब्ल्यू, रीड स्मिथ, स्टीफन्सन हारवुड, क्लाइड अँड को, यांच्याकडे जहाज, कमोडिटी, मालाचा व्यापार, इन्शुरन्स हे मोठं काम असतं. तिथं बेदाण्याची पावती ऐकल्यावर कुणी भुवया उंचावणार नाही, उलट पुढचा प्रश्न विचारतील. प्रत्येक फर्मची गेल्या वर्षभरातली दोन-तीन कामं शोधून काढ, चेंबर्स आणि लीगल ५०० या लॉ फर्मना क्रमवारी देणाऱ्या मार्गदर्शिकांमध्ये त्यांच्या कुठल्या टीमबद्दल काय लिहिलंय ते बघ आणि मग स्वतःला विचार की या कामात अशिलाला रात्री झोप कशामुळे लागत नसेल. कमर्शियल अवेअरनेस म्हणून जे सगळे बोंबलत असतात ते एवढंच असतं गं, धंदा करणाऱ्या माणसाची भीती ओळखणं. ऊसाचं बिल कारखान्याकडून येईपर्यंत तुमच्या घरात काय चालतं ते तू बघितलंयस, तुला हे शिकवायची गरज नाही, फक्त तू ते अर्जात आणत नाहीस.

लंडन म्हणजे सगळं इंग्लंड नाही हेही लक्षात ठेव. मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल इथं ॲडलशॉ गोडार्ड, इव्हरशेड्स सदरलंड, पिन्सेंट मेसन्स अशांची ऑफिसं या ना त्या शहरात आहेत, काम तसंच कमर्शियल आणि खोलीचं भाडं लंडनपेक्षा बरंच कमी. फक्त तिथं ‘लीड्सच का’ हे विचारतात आणि ‘लंडनला मिळालं नाही म्हणून’ हे चेहऱ्यावर दिसलं की संपलं. एकदा जाऊन ये, दोन दिवस राहा, तिथल्या एखाद्या ट्रेनीशी कॉफी पी.

भारताबद्दल विचारतीलच, तेव्हा तयारी ठेव. इथल्या फर्मना भारताचं काम इंडिया डेस्कवरून, बहुतेक लंडन, सिंगापूर, दुबईत बसून करावं लागतं, कारण भारतात येऊन भारतीय कायद्याची प्रॅक्टिस करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने मार्च २०२३ मध्ये परदेशी वकिलांसाठी नियम काढले, मे २०२५ मध्ये ते सुधारले, त्यात परदेशी आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा सल्ला रजिस्ट्रेशन करून देता येईल एवढी वाट ठेवली. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या तरी वकिली सेवांचं दार काही त्यात उघडलं नाही, इथल्या लोकांना त्याची खंत आहे. हे तुला माहिती असणं आणि त्यावर तुझं स्वतःचं मत असणं, दोन्ही हवं.

आता व्हिसा. इथं मी जरा लांबड लावणार आहे, कारण आपल्या मुली इथंच फसतात.

बऱ्याच फर्म ट्रेनीची निवड दोन-दोन वर्षं आधी करतात. म्हणजे आज ऑफर मिळाली तरी प्रत्यक्ष काम सुरू व्हायला दोन वर्षं. ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे कोर्सनंतर इथं राहून काम करू देणाऱ्या व्हिसावर, तुला राहता येईल, पण ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर २ वर्षं आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. आणि तो अर्ज तुझ्या युनिव्हर्सिटीने ‘हिचा कोर्स यशस्वी पूर्ण झाला’ असं होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, कळवल्याशिवाय करता येत नाही, शिवाय तेव्हा तुझा स्टुडंट व्हिसा चालू असायला हवा. डिझर्टेशन सप्टेंबरमध्ये दिलं की निकाल कधी, कळवणार कधी, तुझ्या व्हिसाची शेवटची तारीख काय, हे तिन्ही आजच्या आज युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात लेखी विचार. हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पाउंड, तो एकरकमी भरावा लागतो, त्याचे पैसे बाजूला काढलेत का तेही बघ. त्याच्यापुढे फर्मनेच स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सर करायला हवं, म्हणून अर्ज करण्याआधी होम ऑफिसच्या यादीत त्या फर्मचं नाव आहे का बघ आणि एचआरला एका ओळीची मेल टाक, ट्रेनीला स्पॉन्सर करता का म्हणून. यात लाज कसली, उलट उत्तर ‘नाही’ आलं तर तुझे तीन दिवस वाचले.

दुसरी गोष्ट व्हेकेशन स्कीमची. बऱ्याच फर्म एक ते चार आठवडे मुलांना ऑफिसात बोलावतात, काम देऊन बघतात आणि त्यांच्यातूनच ट्रेनी घेतात. उन्हाळ्यातल्या स्कीम पूर्णवेळ असतात. पण एलएलएमवाल्यांना उन्हाळा ही सुट्टी नसते, डिझर्टेशन चालू असतं म्हणून तो काळ टर्ममध्येच धरतात आणि स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. स्कीम मिळाली म्हणून आनंदाने गेलीस आणि नंतर व्हिसाची अट मोडली असं निघालं तर सॉलिसिटर होतानाच्या चारित्र्य तपासणीतसुद्धा ते पुढे येऊ शकतं. तेव्हा हिवाळ्यातल्या स्कीम बघ, ख्रिसमसच्या सुट्टीत बसणाऱ्या, किंवा जिथं थेट ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टला अर्ज करता येतो त्या फर्म, किंवा कोर्स संपल्यानंतरच्या तारखांच्या.

ऑनलाइन टेस्टचं थोडक्यात. वॉटसन ग्लेझर या तर्कबुद्धीच्या टेस्टमध्ये पाच भाग असतात आणि आपण वकील लोक त्यात हमखास एकच चूक करतो, उताऱ्याबाहेरचं ज्ञान आणतो. डिडक्शनमध्ये उताऱ्यात आहे तेवढंच खरं, जगात काहीही असो. इन्फरन्समध्ये मात्र ‘बहुतेक खरं’ आणि ‘माहिती अपुरी’ असे पर्याय असतात आणि तिथं थोडं सामान्य ज्ञान चालतं. दोन्हीला वेगळं डोकं लागतं हे कळलं की निम्मं काम झालं. रोज सकाळी एक टेस्ट, तीन आठवडे, आणि चुकलेले प्रश्न वहीत.

मार्कांच्या रकान्यात पुष्कळ मुली गोंधळ करतात. बारावीच्या टक्क्यांचं स्वतःच ए-लेव्हलच्या (इथल्या बारावीच्या) ग्रेडमध्ये रूपांतर करू नकोस. आपल्याकडे एलएलबीला ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, इथं ६० ते ६९ म्हणजे टू-वन, फर्स्टच्या खालची श्रेणी, आणि वाचणाऱ्याला हे माहिती नसतं. टक्के आहेत तेच लिही, वर्गातला नंबर माहिती असेल तर तो लिही, आणि जिथं जास्तीची माहिती द्यायची जागा असते तिथं एका वाक्यात आपली पद्धत समजावून सांग.

एसक्यूई. मैत्रिणी म्हणतात ते पूर्ण चूक नाही पण मी तुझ्या जागी असते तर आत्ता दिली नसती. सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर व्हायचा मार्ग हाच आहे, एसक्यूई १ मध्ये ३६० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, दोन दिवसांत विभागलेले, एसक्यूई २ मध्ये प्रत्यक्ष कौशल्यांच्या १६ परीक्षा, आणि त्यासोबत दोन वर्षांचा कामाचा अनुभव. पण तू सनदधारक वकील आहेस, त्यामुळे तुला त्या दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही, हे तुला कुणी सांगितलंय का? म्हणजे कागदावर तू ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टशिवायही सॉलिसिटर होऊ शकतेस. पण नुसतं सॉलिसिटर होणं वेगळं आणि कमर्शियल फर्ममध्ये खुर्ची मिळणं वेगळं, इथं पास होऊन नोकरी शोधत बसलेली मुलं मी बघते. दोन्ही परीक्षांची नुसती फीच चार हजार पाउंडांच्या वर जाते, क्लासचे पैसे वेगळे. मोठ्या फर्म हे सगळं स्वतः भरतात, वर राहण्या-खाण्याचे पैसेही देतात. सहा वर्षांत तीनच प्रयत्न मिळतात, एसक्यूई १ ला साधारण निम्मेच पास होतात, आणि पहिल्या प्रयत्नात पास झालेलंच बऱ्याच फर्मना हवं असतं. डिझर्टेशनच्या धबडग्यात अर्धवट अभ्यासाने एक प्रयत्न घालवणं मला पटत नाही. पुढच्या सायकलमध्येही काही झालं नाही तर पॅरालीगलची, म्हणजे वकिलांच्या मदतनिसाची, नोकरी धर, तिथं सहा-आठ महिने काम करत अभ्यास कर आणि मग दे. कधी परत जावंच लागलं तरी एसक्यूई १ भारतात बसून देता येते, फक्त एसक्यूई २ च्या तोंडी परीक्षांना इकडे यावं लागतं, म्हणजे परत गेलीस म्हणून दार बंद होत नाही.

आणि बाबा. हे मी शेवटी ठेवलं कारण तूही पत्रात शेवटीच लिहिलंयस, दीड ओळीत.

त्यांना या रविवारी फोन कर आणि खरं सांग. मलाही घरी खोटं सांगितल्याचा एक हिवाळा आठवतो, आईचा फोन आला की मी स्टेशनवर आहे, आवाज येत नाही म्हणायचे आणि खोलीत बसून राहायचे. त्यापायी मी दोन इंटरव्ह्यू बिघडवले, कारण प्रत्येक इंटरव्ह्यू हा माझा नसून त्या थापेला खरं करण्याचा झाला होता. बाबांना ‘झालं नाही’ एवढंच सांगून सोडू नकोस, तारखा सांग. निकाल कधी, व्हिसा कुठपर्यंत, पुढच्या सायकलचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरला उघडतात, कर्जाचा पहिला हप्ता कधी सुरू होतो आणि तोपर्यंत तू पॅरालीगलच्या पगारातून किती पाठवू शकशील. बँकेत हप्ता पुढे ढकलता येतो का हे त्यांनाच विचारायला सांग, शेतावर कर्ज काढणाऱ्या माणसाला बँकेच्या साहेबाशी कसं बोलायचं ते तुझ्यापेक्षा जास्त कळतं. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण डिसेंबरमध्ये तिसऱ्याच कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. आणि कुठल्या तारखेनंतर परत यायचं ते दोघांनी मिळून ठरवा, ती तारीख कॅलेंडरवर लिही. मुंबईत मोठ्या फर्म आहेत, इथलं एलएलएम आणि तासगावची ती केस दोन्ही तिथंही चालतं.

मामांना आज फोन कर, त्या फाइलमधले आकडे घे, आणि तो परिच्छेद नव्याने लिहून मला पाठव. बाकीच्या अर्जाला हात लावू नकोस, आधी तेवढाच.